टाकीतलं पाणी

मी मुळात भित्री. सरकत्या जिन्यावर पाऊल टाकण्याआधी अजूनही दोन माणसांना पुढे जाऊ देते. त्यामुळे नवऱ्याने निवृत्तीनंतर गाडीमागे ओढायचा छोटा कॅराव्हॅन आणला, तेव्हा पहिले चार दिवस मी त्याच्या जवळही फिरकले नाही. दोन चाकांवरची ती पांढरी खोली घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या आवारात उभी राहिली आणि आठवड्यात सेक्रेटरींची दोन पत्रं आली.

पण ती हौस नव्हती. माझ्या आईसाठी होतं सगळं. आई ब्याऐंशी वर्षांची. तिला एकदा मालवणजवळ माहेरी जत्रेला जायचं होतं, आणि तिला तासातासाला बाथरूमला जावं लागे. हायवेवरच्या संडासांच्या धास्तीने तिने कित्येक वर्षं गावाचं नाव काढलं नव्हतं. या खोलीत कमोड होता, पाठ टेकायला पलंग होता. तिने आत डोकावून पाहिलं, "बरा आसा," म्हणाली आणि घरी जाऊन कपाटातली जत्रेची साडी बाहेर काढून ठेवली. ती साडी खुर्चीवर पाहिली की मला नाही म्हणायचं बळ राहत नसे.

नवरा मोजमापाचा माणूस. खोलीच्या पत्र्यावर एकूण वजनाची मर्यादा ठोकलेली होती, साडेसातशे किलो. रिकामी खोलीच साडेपाचशेची. उरलेल्या दोनशेत त्याने आमचा संसार बाथरूमच्या वजनकाट्यावर एकेक करून चढवला. कुकर, गाद्या, आईचा वॉकर, माझी औषधंसुद्धा. मग तोच काटा खोलीच्या पुढच्या दांड्याखाली ठेवून गाडीवर किती भार येतो ते पाहिलं.

"पुढे थोडं वजन हवंच," तो म्हणाला. "मागे जास्त झालं ना, की दांडा उचलतो आणि खोली झुलायला लागते. मग आपल्या हातात काही राहत नाही."

हे ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने कुर्ल्याला ट्रक मोजायच्या काट्यावर सगळं नेऊन मोजून आणलं. सातशे पस्तीस. "आता यात सुईसुद्धा जाणार नाही," त्याने मला बजावलं. मी इतकी घाबरलेली की पापडाचे डबेही परत वर नेऊन ठेवले.

सकाळी सहाला नेहमीसारखं पाणी आलं. पाऊण तास येतं आमच्याकडे. नवरा चाकांत हवा भरायला गाडी घेऊन गेलेला. पाणी आलं की मोकळं भांडं दिसलं तर आमच्या हाताला चैन पडत नाही, बायकांची जातच तशी झालीय इथे. त्यात हायवेवर आईला पाणी मिळालं नाही तर, ही भीती. मी आवारातल्या नळाला पाइप लावला आणि खोलीच्या मागच्या पलंगाखालची टाकी काठोकाठ भरली. मग वीस लिटरचे चार कॅनही भरून तिथेच मागे सरकवले. निघताना भरलेलं भांडं असावं, असं आई म्हणायचीच. नवऱ्याला सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सामान थोडंच होतं ते?

मानखुर्दच्या उड्डाणपुलाच्या उतारावर एक कंटेनर आमच्या बाजूने घोंघावत पुढे गेला. त्या वाऱ्याने मागची खोली हलली. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्तच. आमची गाडीही तिच्याबरोबर ओढली जाऊ लागली. आरशात खोली एकदा दिसे, एकदा नाहीशी होई. पुलाचा कठडा माझ्या खिडकीला लागेल इतका जवळ आला.

"ब्रेक मार, ब्रेक मार ना," मी म्हणत होते.

त्याने ब्रेक मारला नाही. पाय उचलून घेतला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून बसला. मी मागे हात नेऊन आईचा गुडघा पकडला. आपण हिला मारायला घेऊन निघालो, एवढंच मनात. तिच्या मांडीवरच्या पिशवीत जत्रेची साडी होती.

वेग कमी होत गेला तशी खोली शांत झाली. पूल उतरून तो कडेला थांबला. खाली उतरून त्याने हूक तपासला, चाकं तपासली आणि खिशातली वही काढून पुन्हा बेरीज करायला लागला. तीच बेरीज तो तीनदा करून बसला. असा तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"माझं कुठेतरी चुकलंय," तो हळूच म्हणाला. "कुठे ते कळत नाही. परत जाऊ या. आईंना घेऊन नाही जायचं मला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पुलावर वाटली नव्हती इतकी भीती वाटली. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. त्याने स्वतःला दोष दिला असता आणि आईची साडी परत कपाटात गेली असती.

"मी पाणी भरलं," मी म्हणाले.

"किती?"

"टाकी. आणि चार कॅन."

त्याने वहीत हिशेब केला. टाकीचे साठ किलो, कॅनचे ऐंशी. सगळे मागच्या टोकाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वही मिटली. "उघड," एवढंच म्हणाला.

मी वाकून टाकीचा नळ सोडला. स्वच्छ, प्यायचं पाणी मातीत वाहायला लागलं. माझा हात आपोआप परत नळाकडे गेला, तो मी आवरला. नवरा एकेक कॅन गटारात उपडा करत होता.

आईने गाडीच्या खिडकीची काच खाली केली. मघाशी पुलावर ती एका शब्दाने बोलली नव्हती. आता तिचा चेहरा भेदरला होता.

"पाणी कित्याक सोडतंस गो? बंद कर तो नळ."

"वजन झालं होतं गं आई. त्यानेच मरत होतो आपण."

तिला ते पटेना. गिरणगावातल्या चाळीत तीस वर्षं दोन्ही हातांत बादल्या घेऊन तीन जिने चढलेली बाई ती. माझ्याकडे खुळ्यासारखी बघत राहिली.

"पाण्याक कसला गो वजन?" ती म्हणाली.