साहेबांसाठी घेतलेला चाकू

नवऱ्याच्या साहेबांना खूश करायचं असं एकदा ठरवल्यावर, चाकू माझ्याच पसंतीचा घ्यायचा यावर मी अडून बसले. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. आम्ही टेक्सासात, अर्विंगला राहत होतो. नवरा आयटीत, आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. नागपूरला मी सर्जन होते. इथे कुणाच्या बोटाला पट्टी बांधायचाही हक्क नव्हता मला. मुलगी झोपली की पुस्तकं उघडायची, असं करत करत सगळ्या परीक्षा दिल्या, पास झाले, इंटरव्ह्यू दिले. त्या ऑक्टोबरात ओहायोच्या एका हॉस्पिटलनं मला सर्जरीची रेसिडेन्सी देऊ केली. पुन्हा अगदी पहिल्या वर्षापासून शिकायचं होतं, तरी मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

पण रेसिडेन्सी म्हणजे दिवसरात्र ड्यूटी. लहान मुलीला घेऊन एकटीनं जाणं शक्यच नव्हतं. नवऱ्याच्या कंपनीचं ओहायोतही ऑफिस होतं, त्याची तिकडे ट्रान्सफर झाली की प्रश्न मिटत होता. 'मी बोलतो साहेबांशी,' म्हणाला. दोन दिवसांनी तोंड पाडून घरी आला. 'साफ नाही म्हणाले. ग्रीन कार्डची फाइल चालू आहे, आत्ता जास्त ताणलं तर तेही जाईल यार.' मी आठवडाभर रडले, मग हॉस्पिटलला फोन करून नाही म्हटलं. साहेबांना मी जेमतेम एखाद्या पार्टीत पाहिलं असेल, पण मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या घातल्या की बस्स.

रडून झाल्यावर मी ठरवलं, पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा आणि तोवर या माणसाला पाघळवायचं. साहेबांना वेड एकच, शिकारीचं. शहराबाहेर त्यांची मोठी जमीन होती, तिथे रानडुकरं धुमाकूळ घालायची. साहेब पिंजरे लावून ती पकडत, आणि सीझन आला की हरणं मारत. नवराही वीकेंडला त्यांच्याबरोबर जायला लागला होता. तोच एकदा सांगत होता, की एक डुक्कर सोलेपर्यंत साहेब चारदा चाकूला धार लावतात आणि चारदा चिडतात. आता चिखलानं माखलेल्या केसाळ कातड्यावर धार टिकेल कशी बाप्पा? मी म्हटलं, 'अरे, मग पातं बदलता येतं असला चाकू दे की त्यांना. आम्ही ऑपरेशन थिएटरात धार लावत बसायचो का? बोथट झालं की पातं फेकायचं, नवं चढवायचं.' त्याला कल्पना एकदम पटली.

शिकारीच्या सामानाचं ते दुकान भलंमोठं होतं, दारातच पेंढा भरलेलं अस्वल. आत गेल्या गेल्या नवऱ्याचा जीव हरणाच्या शिंगाची मूठ असलेल्या एका जाडजूड चाकूवर गेला. 'गिफ्ट आहे, दिसायला तरी भारी पाहिजे ना!' मी म्हटलं, 'दिसायला भारी पाहिजे तर घड्याळ दे.' आणि काउंटरवरच्या माणसाला पातं बदलता येणारे होते नव्हते तेवढे चाकू बाहेर काढायला लावले.

एकाचं पातं खोबणीत हलत होतं. असलं पातं सांध्यात अडकून तुटतं आणि तुकडा मांसात राहतो. तो बाजूला सारला. एकाची मूठ गुळगुळीत स्टीलची, रक्त आणि चरबी लागली की साबणाच्या वडीसारखी हातातून सुटणार. एकाला फक्त त्याच कंपनीची पाती बसत, ती संपल्यावर काय चाटायचाय तो चाकू? शेवटी नारिंगी रबरी मुठीचा घेतला. मिटता येणारा, गवतात पडला तरी दिसणारा, आणि पातं जागेवर घट्ट बसवणारा. पाती तर आमच्या ऑपरेशनच्या चाकूची, स्काल्पेलचीच, ओळखीची. ती बदलायला एक चिमटाही घेतला, कारण धारदार पातं बोटांनी ओढणारा माणूस कधी ना कधी हात कापून घेतोच. नवरा सगळं कौतुकानं बघत होता. 'खरंच, तुझ्याशिवाय हे जमलं नसतं,' म्हणाला. एवढं बोलताना त्याची जीभ जराही कशी अडखळली नाही, हे मला आजही कळत नाही.

जानेवारीत साहेबांनी आम्हाला त्यांच्या जमिनीवर जेवायला बोलावलं. सकाळीच पिंजऱ्यात सापडलेलं डुक्कर गोळी घालून झाडाला टांगलेलं होतं. साहेबांनी आम्ही दिलेला चाकू उघडला, पातं बघितलं आणि हसले. 'एवढंसं? अरे, हे डुक्कर आहे, मासा नाही.' मी म्हटलं, 'थांबा, मी दाखवते.' मुलीला नवऱ्याच्या कडेवर दिलं आणि हातमोजे चढवले.

बाहेरून कापायला गेलं की केसांवर आणि मातीवरच धार मरते. म्हणून मी एक छोटी चीर दिली, पातं उलटं करून आत सरकवलं आणि आतून बाहेर कापत गेले. मग कातडं आणि मांस यांच्यामधला पांढरा पापुद्रा सापडला. त्यातून चाललं की रक्त नाही, ओढाताण नाही, पातं पिळायचं कामच नाही. किती वर्षांनी माझे हात चालत होते! काय सांगू, आनंदानं रडू फुटेल असं झालं मला. मान वर केली तेव्हा एक अख्खी बाजू सोलून झाली होती आणि साहेब आ वासून बघत होते.

'हे कुठे शिकलीस तू?' त्यांनी विचारलं.

'मी सर्जन आहे. तुम्हाला माहीत आहे ना?'

'मला?' त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. 'मला तर हा म्हणाला, तुला घरी राहायलाच आवडतं.'

मला वाटलं, मुद्दाम कांगावा करतायत. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, 'ओहायोला मला रेसिडेन्सी मिळाली होती. तुम्ही याला ट्रान्सफर दिली नाहीत, म्हणून सोडली मी.'

साहेब गोंधळले. 'कसली ट्रान्सफर? मला कुणी विचारलंच नाही. ओहायोवाले तर उन्हाळ्यापासून माझ्याकडे माणसं मागतायत. हा नुसता बोलला असता, तर मी दुसऱ्या दिवशी पाठवलं असतं याला.'

मी नवऱ्याकडे वळून बघितलं. तो मुलीच्या जॅकेटची चेन लावत होता. चेन आधीच लावलेली होती.

त्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून मी हातमोजे काढले, साहेबांना थँक यू म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. घर येईपर्यंत नवरा थंडीबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला, मुलीला भूक लागली असेल म्हणाला. सोमवारी तो ऑफिसला गेल्याबरोबर मी ओहायोला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. माझी जागा केव्हाच भरली होती.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी एवढंच विचारलं, 'का?' त्यानं आधी कारणांची माळ लावली. तिकडचा बर्फ, ग्रीन कार्ड, मुलीची शाळा, इथले मित्र. मी म्हटलं, 'खोटं पुरे झालं. जायचंच नव्हतं तर पहिल्या दिवशी सांगायचंस. मला परीक्षा तरी कशाला देऊ दिल्यास?'

तो ओट्याला टेकला आणि म्हणाला,

'मला वाटलं नव्हतं, तू पास होशील.'

आणि मी मूर्ख! प्रत्येक परीक्षेला तो मला सेंटरपर्यंत सोडायला यायचा, दारात पाठीवर हात ठेवून 'ऑल द बेस्ट' म्हणायचा, आणि मी आत जाताना मनात म्हणायचे, असा नवरा मिळायला नशीब लागतं.