नाकात पीस

सासूबाईंच्या हातात कोंबडीचं एक लांब पीस होतं आणि मी टोपलीपुढे वाट अडवून उभी होते. त्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला तो एका कोंबडीसाठी, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

बार्शीटाकळीला, माझ्या सासरी, अंडी द्यायचं सोडून खुडूक बसलेल्या कोंबडीवर ठरलेला इलाज होता. तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून पीस आरपार घालायचं. मग ती दिवसभर डोकं झटकत फिरते, बसायचं विसरते आणि पुन्हा अंडी देऊ लागते. मला तो इलाज बघवत नसे.

त्यात या कोंबडीला मीच बसवलं होतं. मी अमरावतीची, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. घरची अंडी खाण्यात गेली म्हणून मी किराणा दुकानातून सात अंडी आणली आणि तिच्याखाली सारली. पोल्ट्रीच्या त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, हे मला कुठे ठाऊक? एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले. ती बिचारी वाळून काटकी झाली, पण जागा सोडेना. शेवटी सासूबाईंनी एक अंडं फोडलं आणि अंगणभर घाण सुटली.

"बाप्पा! लय हुशार सून भेटली मले," त्या म्हणाल्या आणि पीस शोधून टोपलीकडे आल्या.

"आई, चूक माही हाय. तिले काहून शिक्षा?"

"मंग तिले पिल्लं कुठून आणून देतं?"

"आणतो."

तोंडातून निघून गेलं, आता मागे हटणं नव्हतं. दुपारी गाडीवर जाळीची पेटी बांधून पिल्लंवाला आला. त्याच्याकडची सगळी पिल्लं रंगवलेली, गुलाबी आणि हिरवी. मी चार घेतली आणि घाईघाईत भर उन्हात तिच्यासमोर सोडली. तिनं एका गुलाबी पिल्लाच्या डोक्यावर अशी चोच हाणली की रक्त आलं.

"लोकाईचे पिल्लं कोंबडी घेत नसते," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत पाहतो. मंग मी पीस घालतो."

मला राग आला. त्यांचा, कोंबडीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. जखमेवर हळद लावली आणि चारही पिल्लं ओच्यात घेऊन बसले. दिवेलागणीला टोपलीत तिला काही दिसणार नाही इतका अंधार झाला तेव्हा तिच्या पोटाखाली हात घातला. एक नासकं अंडं बाहेर, एक पिल्लू आत. तिनं मनगटावर टोचलं. मी हात काढला नाही. दुसरं अंडं, दुसरं पिल्लू. पुन्हा टोचलं. टोच बाई, म्हटलं, कितीदा टोचशील? चौथं पिल्लू आत गेलं तेव्हा माझा हात सोललेला होता आणि तिच्या गळ्यातून एक बारीक कुडकुड सुरू झाली होती. तो आवाज मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. मी तिथंच मातीत बसून रडले.

सकाळी सासूबाई पीस घेऊनच आल्या. कोंबडी अंगणात होती. पायानं माती उकरून ती पिल्लांना बोलवत होती आणि चारही तिच्या पायांत घोटाळत होती, हळद लागलेलंसुद्धा. सासूबाईंनी वाकून त्या गुलाबी पिल्लाला हात लावला मात्र, कोंबडी पंख फुगवून त्यांच्या अंगावर धावली.

"मलेच टोचते व्हय!"

"लेकुरवाळी हाय ते आता," मी म्हटलं. "हात सांभाळा."

त्यांनी माझ्या सोललेल्या मनगटाकडे पाहिलं. मग ओट्यावर जाऊन बसल्या, ते पीस स्वतःच्या कानात घातलं आणि डोळे मिटून सावकाश फिरवत राहिल्या.