मुख्य अर्जदार केदार वैरागडे

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या ज्या मराठी घरात अकरावी-बारावीचं पोर आहे, त्या घराची बेल केदार वैरागडेने वाजवली की ते पोर बेसमेंटमध्ये जाऊन बसतं. माणूस वाईट नाही हो. कुणाचं घरसामान हलवायचं असो, कुणाला पहाटे विमानतळावर सोडायचं असो, केदार हजर. पण "काय रे, पुढे काय शिकायचं म्हणून राहिला?" हा प्रश्न एकदा त्याच्या तोंडून निघाला की पुढचा पाऊण तास त्या पोराचा नसतो.

केदारचं म्हणणं साधं आहे. इंडियन स्टोअरमध्ये आपण भेंडीची शेंडी मोडून बघतो, मगच पिशवीत टाकतो. मग चार वर्षं ज्या विषयात घालवायची, तो न बघताच कसा काय घ्यायचा? यात चूक काही नाही. फक्त भेंडी मोडून बघायला पाच सेकंद लागतात आणि केदार दोन-अडीच वर्षं मोडतच बसला होता.

या वेडाला कारण आहे, आणि ते नागपुरात आहे. त्र्याण्णव साली इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो मुलं आपापल्या बापांसोबत बसली होती. माइकवरून नंबर पुकारायचे, पोराने स्टेजवर जायचं आणि फळ्यावर ज्या जागा उरल्या असतील त्यातली एक सांगायची. केदारचा नंबर आला तेव्हा फळ्यावर तीन शाखांची नावं शिल्लक होती. केदारने बाबांकडे बघितलं, बाबांनी क्लार्ककडे बघितलं, क्लार्कने घड्याळाकडे बघितलं. "बोला लवकर," क्लार्क म्हणाला. "प्रॉडक्शन," केदार म्हणाला, कारण ते सगळ्यात वर लिहिलं होतं.

पुढची चार वर्षं तो लेथ मशीनसमोर उभा राहून स्वतःला कोसत होता. मग कॉम्प्युटरची लाट आली, सगळ्यांना उचलून घेऊन गेली, त्यात हाही अमेरिकेला लागला. नोकरी बरी, घर बरं, बायको राधिका तर फारच बरी. पण आपल्याला खरंच काय शिकायला आवडलं असतं हे काही त्याला कधी कळलं नाही. पन्नाशीला आला तरी नाही. "लग्नात बँड ठरवायला माझ्या बाबांनी दोन दिवस घेतले," तो सांगायचा, "आणि माझं आयुष्य ठरवायला पाऊण मिनिट." हे सांगताना तो हसायचा, पण राधिका हसायची नाही.

म्हणून, मुलीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, अशी त्याने शपथच घेतली. आणि इथे सोय तरी किती! अर्ज करायच्या आधीच युनिव्हर्सिटीत जाऊन वर्गात बसता येतं, उन्हाळ्यात दोन आठवडे राहून शिकता येतं, घरबसल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकता येतात. हे कळल्यावर केदार हरखूनच गेला. इला नववीतून दहावीत गेली आणि केदारने यादी उघडली. आर्किटेक्चर झालं, मेंदूचं शास्त्र झालं, पत्रकारिता, खगोलशास्त्र, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट झालं. एकदा अंत्यविधी व्यवस्थापनाच्या ऑनलाइन व्याख्यानाला त्याने तिला दीड तास बसवलं, कारण चाखल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. इलाने त्यानंतर दोन दिवस कुणाशी धड बोललं नाही.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी इला स्वतः त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला सॉइल सायन्स करायचंय. मातीचं शास्त्र. आय अ‍ॅम शुअर."

केदारला इतका आनंद झाला की त्याने लगेच लॅपटॉप उघडला आणि यादीत पंधराव्या नंबरावर माती टाकली. "मस्त! सोळावा मी मरीन बायॉलॉजी धरून राहिलो," तो म्हणाला, "घाई नको करू बेटा."

इला उठून गॅरेजमध्ये गेली. राधिका भांडी पुसत होती. ती एवढंच म्हणाली, "केदार, तू तिला चाखायला देतोयस की जबरदस्तीने वाढतोयस?" केदारला वाटलं, हिला यातलं काही कळत नाही.

बघता बघता ऑक्टोबर उजाडला. बारावीच्या मुलांचे अर्ज नोव्हेंबरच्या एक तारखेला जायचे होते आणि शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी इलाला बजावलं होतं, की कुठला विषय, कुठल्या युनिव्हर्सिट्या, ते सोमवारपर्यंत लिहून दे, त्याशिवाय मी शिफारसपत्र लिहायला घेणार नाही. केदारची झोप उडाली. सोमवारी पोरगी फळ्यावरचं सगळ्यात वरचं नाव सांगून मोकळी होणार, या भीतीने तो रात्री उठून यादी उघडायचा. इला मात्र एकच मागत होती. तासाभराच्या अंतरावर एका युनिव्हर्सिटीत शनिवारी बारावीच्या मुलांसाठी दिवसभराचं शिबिर होतं, त्यात मातीच्या लॅबमध्ये बारा जणांना प्रत्यक्ष काम करायला मिळणार होतं. ती प्राध्यापिका त्या विषयातली मोठी होती आणि इलाला एकदा तिच्या हाताखाली काम करून बघायचं होतं. "फॉर्म मी भरते," इला म्हणाली.

"तू अभ्यास कर," केदार म्हणाला. "फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही."

हे खरंच होतं. वीस वर्षं त्या माणसाने दुसरं केलं काय? व्हिसाचा फॉर्म, व्हिसा वाढवायचा फॉर्म, ग्रीन कार्डाचा, विम्याचा. प्रत्येक फॉर्मवर पहिल्या चौकटीत मुख्य अर्जदार केदार वैरागडे, आणि खाली सोबतची माणसं. त्याची बोटं डोळे मिटून हे टाइप करायची. शिबिराचा फॉर्म त्याने ऑफिसच्या एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चार मिनिटांत भरला आणि इलाला मेसेज केला, सीट मिळाली.

शनिवारी सकाळी दोघं पोचली. टेबलामागे एक सोनेरी केसांचा कॉलेजचा मुलगा बसला होता. त्याने यादी बघितली, हसून दोन बिल्ले काढले आणि हिरवा बिल्ला केदारच्या गळ्यात घातला. त्यावर लिहिलं होतं: केदार, विद्यार्थी, मातीशास्त्र. इलाच्या पांढऱ्या बिल्ल्यावर लिहिलं होतं: इला, कुटुंबीय.

"काहीतरी घोळ झालाय," केदार म्हणाला.

मुलाने फॉर्म काढून दाखवला. घोळ कुणाचा होता ते काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. अर्जदाराचं नाव केदार, जन्मसाल पंचाहत्तर. सोबत येणारी व्यक्ती इला. खाली पालकांचं संमतिपत्र होतं, त्यात केदार वैरागडेच्या पालकाच्या जागी केदार वैरागडेने सही करून केदारला लॅबमध्ये काम करायची परवानगी दिली होती. "आमच्याकडे मोठ्या वयात शिकायला येणारेही असतात, सर," तो मुलगा फार आदराने म्हणाला. "आम्हाला त्यांचं कौतुक आहे."

केदारने बिल्ला काढून इलाच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. पण लॅबमध्ये अ‍ॅसिडच्या बाटल्या, संमतिपत्राशिवाय नव्या नावाला प्रवेश नाही, आणि नाव बदलणाऱ्या बाई अकराच्या आधी येत नाहीत. "आणि तुम्ही आत गेला नाहीत तर ही सीट वेटिंग लिस्टवरच्या मुलाला जाईल," मुलगा म्हणाला. "दुपारच्या बॅचचं तेव्हा बघू."

इलाचा चेहरा उतरला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी एवढं एकच मागितलं होतं." केदारला जमिनीत शिरावंसं वाटलं. आणि तरी, एस. टी.त रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसासारखा तो लॅबकडे पळाला, कारण सीट जाऊ द्यायची नव्हती. इला पालकांच्या हॉलकडे गेली. तिथे तिला कॉफी, कुकी आणि 'मूल घर सोडून जाताना' नावाची पुस्तिका मिळाली.

लॅबमध्ये सतरा वर्षांची अकरा मुलं आणि केदार. प्राध्यापिका उंच, पायात चिखलाचे बूट, नखांत माती. तिने प्रत्येकापुढे मातीचा एकेक ढीग ठेवला आणि सांगितलं, पाणी घालून मळा, मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी काढा. पट्टी किती लांब निघते त्यावरून मातीत चिकणमाती किती ते कळतं. शेजारच्या मुलीची पट्टी करंगळीएवढी झाली. केदारची पट्टी होईचना. आधी चिखल झाला, मग शर्टावर गेला, मग चष्म्यावर. मनात तो म्हणाला, याच्यापेक्षा तर लेथ मशीन बरं होतं बाप्पा.

मोठ्या मुश्किलीने एक बोट पुसून त्याने फोटो काढला आणि इलाला पाठवला: 'हे तुटून राहिलं.'

उत्तर लगेच आलं. 'पाणी जास्त झालंय. कोरडी माती घाल. पिळू नकोस, अंगठ्याने पुढे ढकल.'

केदारने ढकललं. पट्टी निघाली, चांगली दोन इंच. तो खुर्चीतून उठलाच. प्राध्यापिका येऊन उभी राहिली आणि फोनकडे बघत तिने विचारलं, "कुणाला विचारताय?"

"माझ्या मुलीला," केदारने खरं सांगून टाकलं. "ती पालकांच्या हॉलमध्ये आहे. खरं म्हणजे विद्यार्थी ती आहे. फॉर्म मी भरला."

सगळा वर्ग हसला. प्राध्यापिका हसली नाही. तिने एक दुसरा नमुना केदारपुढे ठेवला आणि म्हणाली, "याचा फोटो पाठवा. विचारा तिला काय दिसतंय."

फोटो गेला. इलाचा मेसेज आला: 'करड्या रंगाचे ठिपके आहेत ना? म्हणजे तिथे पाणी साचून राहतं. खड्डा किती खोल होता विचार.' केदारने ते वाचून दाखवलं. प्राध्यापिकेने खोली सांगितली. परत मेसेज आला, परत प्रश्न, परत उत्तर. पाचेक मिनिटं त्या दोघी बोलत होत्या आणि मध्ये केदार नुसता पोस्टमन. त्याला एक अक्षर समजत नव्हतं. ती कधी शिकली हे सगळं? आणि मग गॅरेजमधल्या फळीवरच्या बरण्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. तळाशी वाळू, वर गाळ, वर गढूळ पाणी, प्रत्येकीवर तारीख. तो समजत होता राधिका काहीतरी मुरवत ठेवतेय. मार्चपासूनच्या तारखा होत्या त्या. पोरगी कधीची ठरवून मोकळी झाली होती. ठरत नव्हतं ते याचं, आणि ते त्र्याण्णव सालापासून ठरत नव्हतं. केदारला फार लाज वाटली.

"एक वाजता तिला घेऊन या," प्राध्यापिका म्हणाली. "बारा खुर्च्यांना तेरावी लावता येते मला."

अकरा वाजता केदार नाव बदलणाऱ्या बाईंसमोर पहिला उभा होता. या वेळी फॉर्म इलाने भरला. त्याने फक्त जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. जेवायला दोघं बाहेर बाकावर बसली. इला त्याच्या शर्टाकडे बघत होती.

"सांग ना," ती शेवटी म्हणाली. "कसं वाटलं?"

"मला नाही आवडलं," केदार म्हणाला. "दीड तास हात बरबटवून घ्यायचे, आणि शेवटी काय, तर माती."

इलाचा हात डब्यात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे मला नाही आवडलं. तुला आवडतं. मार्चमध्येच सांगितलं होतंस तू." त्याने आपला डबा बाजूला ठेवला. "मी ऐकलं नाही, इला. चुकलं माझं. सोमवारी देऊन टाक लिहून."

इलाने त्याच्या कानामागे वाळलेली माती नखाने काढली, दोन बोटांत चुरून बघितली आणि टिश्यूत बांधून खिशात ठेवली.

दुपारी ती हिरवा बिल्ला घालून लॅबमध्ये गेली आणि केदार पांढरा बिल्ला घालून पालकांच्या हॉलमध्ये. तिथे सगळे गोल करून बसले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, की आपलं मूल काय शिकणार आहे ते प्रत्येकाने सांगावं. एकाने मुलाचे तीन प्लॅन सांगितले, दुसरीने चार. बेलव्ह्यूहून विमानाने आलेले एक गृहस्थ कॉम्प्युटर सायन्सवर दहा मिनिटं बोलले.

केदारची पाळी आली. "माती," तो एवढंच म्हणाला.

लोक वाट बघत राहिले. शेजारचे संजीव नावाचे गृहस्थ, नेपरव्हिलचे, वाकून कुजबुजले, "पण त्यात पुढे स्कोप काय आहे?"

"ते तिला विचारा," केदार म्हणाला. "मी त्या वर्गात दीड तास बसून आलो, मला त्यातलं काही कळत नाही."