वेलू अण्णांचा व्हिलन

वेलू अण्णा प्रत्येक नटाला त्याचं काम आधी स्वतः करून दाखवत. बाईचं काम असलं की खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा घेऊन हमसाहमशी रडत, पोलिसाचं असलं की पोट आत ओढून चालत (ते फारसं आत जात नसे) आणि प्रेताचं असलं की गोदामाच्या लादीवर खुशाल आडवे होत. फक्त काशीला ते काही दाखवत नसत. त्याच्यापाशी जात, त्याची कॉलर सरळ करत, ‘सरि’ म्हणत आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहत. सरि म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे. बस, एवढंच. मग काशी असं काही काम करायचा की इकडे माझ्या पोटात दुखायला लागायचं.

अण्णा इथे आखातात एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते आणि दर रविवारी सकाळी अल कुसैसमधल्या एका मित्राच्या गोदामात तमिळ शॉर्टफिल्म करायचे. बाहेर शूटिंग करायचं तर परवानगी लागते, त्यामुळे आमच्या सिनेमातली लग्नं, खून आणि पश्चात्ताप सगळं खोक्यांच्या आडोशाला उरकायचं. काशी करामा भागातल्या एका सुपरमार्केटात कॅशियर, अण्णांच्याच गल्लीत वाढलेला. गावाकडे होते तेव्हापासून एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने करायचं, असं चाललेलं. “तमिळ सिनेमा में ऐसाच होता सार,” अण्णा म्हणायचे. “एक डायरेक्टर, एक हीरो. शादी का माफिक. बीच में छोडने का नहीं.”

या शादीत मी घुसलो तो पार्किंगवरून. आमच्या बिल्डिंगखाली एकाने माझ्या गाडीमागे गाडी लावली होती आणि मी हिंदीत त्याचा उद्धार करत होतो. शेजारी एक जाडजूड गृहस्थ अगदी गाणं ऐकावं तसे ऐकत उभे. माझं झाल्यावर म्हणाले, “सार, आपका गुस्सा फस्क्लास. मेरा पिक्चर में करेगा? हमारा व्हिलन हमेशा बंबई से आता.” मी म्हटलं, अहो, मी सांगलीचा. “सांगली, बंबई, सेम सेम,” म्हणाले आणि पुढच्या रविवारी मी काशीचा गळा धरून उभा होतो.

कॉलेजात एकांकिकेसाठी अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलेला माणूस मी! आणि अण्णा मला भुवई कशी उचलायची ते दाखवणार. बरं, दाखवायचे ते असं की नाकारायची सोय नाही. तरी एकदा न राहवून विचारलंच, “अण्णा, काशीला का नाही कधी दाखवत?”

“काशी को मालूम है.”

“आणि मला?”

“आपको मैं दिखाता ना सार!” हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की धड भांडताही येईना. घरी येऊन मी डबा आपटला. बायको म्हणाली, “याला सवतीमत्सर म्हणतात.” मुलीने मोबाइलमधून मान वर न करता शिक्कामोर्तब केलं, “बाबा, यू आर सो जेलस.” होतोच मुळी. काशी उशिरा आला तरी अण्णा त्याच्यासाठी जेवायचे थांबायचे, आणि आम्ही वेळेवर आलो म्हणून आम्हाला सतरंजी झटकायला लावायचे. याला न्याय म्हणतात?

मग काशीच्या कंपनीने त्याला मस्कतच्या दुकानात पाठवलं. मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन रविवार अण्णा नुसतेच गोदामात येऊन बसले. नंतर एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सार, आप बाप करो.” मुलगा कायमचा कॅनडाला जातो, बाप विमानतळावरून परत येऊन जेवणाच्या टेबलाजवळची त्याची खुर्ची उचलतो आणि कुठे ठेवायची ते त्याला कळत नाही. पूर्ण सिनेमा माझा. मी ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा खुर्ची उचलत होतो.

शॉटची वेळ झाली. अण्णा माझ्याजवळ आले. त्यांनी माझी कॉलर सरळ केली, ‘सरि’ म्हणाले आणि कॅमेऱ्यामागे गेले.

मी वाट बघत उभा. हे करून का दाखवत नाहीत? यांचं लक्ष कुठे आहे? मस्कतला, दुसरं कुठे असणार! माझं डोकं तडकलं. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “अण्णा, मला करून नाही दाखवलंत!”

अण्णांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. मग “हां हां, सॉरी सार,” म्हणत आले आणि त्यांनी खुर्ची उचलली. कशी उचलली काय सांगू! आधी पाठीवरून हात फिरवला, जरा वजन घेतल्यासारखं केलं, आणि छातीशी धरून नुसते उभे राहिले. मी तसंच्या तसं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय घालवलं ते मला गाडी चालवताना, पुलावर समजलं. मागे वळायला जागा नव्हती. पुन्हा कधी अण्णांनी माझी कॉलर सरळ केली नाही.

गेल्या वर्षी अण्णा सुट्टीवर गावी गेले आणि तिथेच झोपेत गेले. काशी मस्कतहून आला. रविवारी आम्ही सगळे गोदामात जमलो, कुणीतरी लॅपटॉपवर तो बापाचा सिनेमा लावला. खुर्चीचा शॉट आला आणि काशी ओक्साबोक्शी रडायला लागला.

“सार, ये आप नहीं,” तो म्हणाला. “ये अण्णा है. हाथ, गर्दन, सब अण्णा.” मग माझ्याकडे बघत म्हणाला, “मेरे को कभी करके नहीं दिखाया. मेरा एक पिक्चर में भी अण्णा नहीं है, सार. एक में भी नहीं. आपका नसीब.”

त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते मी इतकी वर्षं घरी पोसलं होतं. मी त्याला जवळ घेतलं. धीर द्यायला म्हणून तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. “काशी, बदली करेगा क्या? मेरा सब तू ले, तेरा मुझे दे.”

रडता रडता तो हसला. “नहीं सार,” म्हणाला. विचार करायलासुद्धा थांबला नाही.