मनगट धरणाऱ्या सिस्टरबाई

अवं पोरी, पत्रातून का होईना, जरा जवळ सरकून ऐक. घरबसल्या पोस्टाने नर्सिंग शिकायचा फॉर्म तू भरला अन् मले सांगितलंही नाही. काहून वं?

आमच्या शेजारच्या सिस्टरबाई नर्सिंग शिकवायच्या. कोणी भेटलं की नमस्काराआधी मनगट धरायच्या अन् छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ बघत मिनिटभर नाडी मोजायच्या. इतवारी बाजारातला भांडेवालाही सुटला नाही. "बाई, भाव करून राहिल्या की इलाज?" तो म्हणाला. "चूप राय गा, मोजून राहिली ना मी."

मग त्यांच्या शाळेनेही नोट्स पोस्टाने धाडायला सुरुवात केली. मुली महिन्यातून दोनच दिवस वॉर्डात यायच्या. त्यातल्या एकीने एका म्हाताऱ्याच्या चार्टवर नाडी बहात्तर लिहिली. नोट्समध्ये धडधाकट माणसाची बहात्तरच दिली होती ना. म्हातारा तर केव्हाचा थंड पडला होता.

"मी रागावली नाही," सिस्टरबाईंनी भिंतीकडे बघत मले सांगितलं. "तिची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली, वरून माझी ठेवली, अन् पूर्ण मिनिटभर तिले मोजायले लावलं. पोरगी रडून राहिली होती. शिकली ती. पण त्याच्या काय कामाचं?"

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. आता दुरूनच हात जोडतात. मी मुद्दाम मनगट पुढे करते, तर त्या पदर सावरतात. घड्याळाले चावी द्यायचंही सोडलं त्यांनी.

तो फॉर्म राहू दे अन् तू लवकर इकडे ये. तुझं मनगट त्या धरतील असं वाटत नाही मले, तरी ये.