लिंडाच्या खापरपणजीचं माहेर

नातवंडं मागे लागलीत, "आजी, लिहून टाक ना एकदाचं." तर लिहिते. भूत, आत्मा वगैरे ऐकलं की फिस्सकन हसणाऱ्यांतली मी. बीएस्सी फिजिक्स ना! सेकंड क्लासच, पण तोरा असा की गुरुत्वाकर्षण जणू मीच शोधलंय.

१९९८ साल. अबू धाबीच्या पश्चिमेला रुवैस, तिथली कंपनी कॉलनी. ह्यांची रिफायनरीत नोकरी, आणि मला कामं दोनच — स्वयंपाक आणि इतरांच्या चौकशा. शेजारी लिंडा, अमेरिकन इंजिनियरची बायको. तिला नाद खापरपणजीचा! मार्था तिचं नाव, मिझुरीतल्या कुठल्याशा खेड्यातली शेतकरीण. लग्नानंतरचं सगळं सापडलं होतं — नवरा, मुलंबाळं, थडगंसुद्धा. लग्नाआधीचं मात्र... शून्य. लिंडाची आई तिकडे कॅन्सरने आजारी. तिचं एकच म्हणणं, "मार्थाला सगळे टाकलेली पोर म्हणायचे. ती कुणाची लेक होती, एवढं मला कळू दे." लिंडा रोज इंटरनेटवर बसायची आणि रडवेली होऊन उठायची.

एका सकाळी मी तिला पोहे द्यायला गेले. मागच्या दारी पायरीवर एक बाई बसलेली. लांब झगा, डोक्याला टोपडं, मांडीत मक्याची कणसं. सोलत होती. मला वाटलं, आली असेल कुणी पाहुणी अमेरिकेहून! आता नवी बाई दिसली की आपण पहिलं काय विचारतो? मीही विचारलं, चक्क मराठीत — "काय हो, माहेर कुठलं तुमचं?"

ती हसली. कधीपासून कुणी हे विचारलंच नसावं, अशी हसली. म्हणाली, "हेझल फोर्क. केंटकीत. नदीपलीकडे आमची गिरणी."

कुठल्या भाषेत म्हणाली? नाही सांगता येत. मला कळलं, एवढं खरं.

आत जाऊन मी लिंडाला म्हटलं, "युअर गेस्ट इज सो स्वीट! हेझल फोर्कची ना?"

"व्हॉट गेस्ट, सुधा?"

दोघी मागे धावलो. पायरी रिकामी. कणसाचं एक साल नाही. मी टोपडं, कणसं, केंटकी, गिरणी असं सगळं सांगत सुटले... आणि लिंडा? ती कॉम्प्युटरकडे पळाली.

वंशावळी शोधणाऱ्यांच्या एका साइटवर तिने विचारून ठेवलं. काही आठवड्यांनी हेझल फोर्कच्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं. गिरणी त्याच्या घराण्याचीच होती. घरची लेक मार्था बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून मिझुरीला गेली. बापाने नाव टाकलं. आईने मात्र जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची मरेपर्यंत कुणाला हलवू दिली नाही. खुर्ची अजून त्यांच्याकडे होती!

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "कुठेतरी वाचलं असशील." अहो, केंटकी म्हणजे तळलेली कोंबडी, एवढंच मला ठाऊक! लेक म्हणाली, "आई, इट वॉज जस्ट द हीट." असेल बाई. पण उन्हाला गावाचं नाव कुणी सांगितलं?

 फिजिक्सच्या पुस्तकात तरी हे नव्हतं.

लिंडाने त्या उन्हाळ्यात आईला हेझल फोर्कला नेलं. आधार देऊन त्या खुर्चीत बसवलं. कित्येक महिने नुसत्या पातळ सूपवर जगणारी ती बाई तिथे जेवली... आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणे!