दमयंतीच्या पट्टीतलं गाणं

कृष्णकांतला इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजी गाण्यांवरून भांडायला इंग्रजी यावं लागतं, असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. एडवणचा हा वाडीवाला गडी. घरची केळी आणि पानवेल सांभाळून बोईसरजवळ कुंभवलीच्या एका कापड कारखान्यात रंगखात्यात कामाला जायचा. हात सदा निळे नाहीतर तांबडे. सुट्टीच्या दिवशी बाकीचे कामगार झोपा काढत, तेव्हा हा एसटी पकडून, गाडी बदलून परत बोईसरलाच जायचा. स्टेशनाजवळ चंद्रभानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथे त्याच्यासारखीच वेडी माणसं जमायची.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार होता. जगात नवी गाणी येत होती, पण या मंडळींचं घड्याळ वीस वर्षं मागे अडकलेलं. गिटारवाल्यांची, लांब केसवाल्यांची जुनी गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि त्यांच्यापायी एकमेकांची डोकी खायची. ड्रमवाला मोठा की गिटारवाला? अमुक बँड फुटला तो कोणाच्या बायकोमुळे? जणू ती बायको यांच्याच आळीतली होती! तारापूरच्या वसाहतीत राहणाऱ्या रामनाथकडे तबकड्या होत्या, त्यामुळे तो जरा ताठ्यातच बोलायचा. शेवटचा निवाडा मात्र चंद्रभानचा. दुकान त्याचं, चहा त्याचा.

कृष्णकांतचा तिथला वाद एकच. त्याच्या मेव्हण्याने, जो बोटीवर कामाला होता, लग्नात एक टेपरेकॉर्डर आणि एक बिननावाची कॅसेट दिली होती. त्यात एक जाड्या आवाजाचा गायक होता. "त्या गड्यासारखा गाणारा झाला नाय," कृष्णकांत छातीठोकपणे सांगायचा. गुणगुणूनही दाखवायचा. कोणालाच गाणं ओळखू यायचं नाही.

"असा गायकच नाही," रामनाथ म्हणायचा. "तू झोपेत ऐकलं असशील."

शेवटी हातच्या कंकणाला आरसा कशाला, म्हणून एका सुट्टीला कृष्णकांत कॅसेटच घेऊन आला. चंद्रभानने ती दुकानातल्या मशीनवर लावली. आणि काय! गाणं टुणकन उडी मारून सुरू झालं, आणि गायला लागली एक बाई. पातळ, चढ्या आवाजाची. "हिची तर तबकडी आहे माझ्याकडे!" म्हणत रामनाथला हसून हसून ठसका लागला.

"अरे, तुजा गडी तर बाई निघाला!" चंद्रभान म्हणाला. "तुजं मशीन हळू चालतंय, म्हणून आवाज जाडा येतो. लग्नापासून तू हळूच ऐकतोस. घेऊन ये, नीट करून देतो."

भजनाची कॅसेटही घरी अशीच रेंगाळायची, पण भजन रेंगाळलं तर कोण तक्रार करतं? पुढच्या खेपेला कृष्णकांतने मशीन नेलं. चंद्रभानने मोटरच्या मागचा बारीक स्क्रू फिरवला, मशीन नीट झालं, आणि पैसेही घेतले नाहीत. कृष्णकांत खुशीत घरी आला. त्याला वाटलं, दमयंतीसुद्धा हसेल.

इथे दमयंतीचं सांगायला हवं. ही त्याची बायको, आणि तिचा आवाज पहिल्यापासून जाडा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." पुढे गौरीच्या गाण्यांतही ती ओठच हलवत राहिली. लग्न होऊन एडवणला आली आणि हे मशीन वाजायला लागलं. पडवीत विड्याच्या पानांच्या जुड्या बांधताबांधता ती त्या जाड्या आवाजाबरोबर गायला लागली. शब्दांचा अर्थ देवाला ठाऊक, पण सूर पक्का. कृष्णकांत कामावरून आला की माडांच्या आडूनच दोन्ही आवाज ऐकायचा, आणि बाहेरच थोडा थांबायचा. आपण आत गेलो की ती गप्प होते, हे त्याला माहीत होतं.

दुरुस्त मशीन त्याने कौतुकाने लावलं. तो समोर आहे हे विसरून दमयंतीने सवयीने सूर धरला. दुसऱ्या ओळीला गाणं वर चढलं, तिचा आवाज फाटला, आणि ती थांबली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "बाई गोड गाते." आणि आत चुलीकडे गेली.

त्यानंतर तिने मशीनला हात लावला नाही. जुड्या बांधून व्हायच्या, पण पडवीत चिडीचूप. कृष्णकांतला घर खायला उठलं. एकदा त्याने विचारलंच.

"अवो, त्या गड्याच्या संगती मला गाता यायचं," दमयंती म्हणाली. "या बाईच्या संगती नाय जमत. जाऊ दे ना, गाणं नाय म्हणून कोणी मरत नाय."

सुट्टी होताच कृष्णकांतने मशीन बगलेत मारलं आणि दुकान गाठलं.

"दादा, हे परत बिघडवून द्या."

चंद्रभान भडकला. "बिघडवायला का मी दुकान काढलं? लोक काय बोलतील?"

"मूळ गाण्याचा खून करणार तुम्ही," रामनाथने तेल ओतलं.

"मूळ गाणं तुमी ठेवा," कृष्णकांत म्हणाला. "माज्या बायकोचं गाणं बंद पडलंय. तेवढं चालू करून द्या." आणि त्याने सगळं सांगितलं, शाळेतल्या प्रार्थनेपासून.

चंद्रभानने डोकं खाजवलं. "बिघडवीन रे. पण किती हळू होतं ते मी कुठं बघितलं? माप कोणाकडं हाय?"

माप होतं ते फक्त दमयंतीच्या गळ्यात. म्हणून चंद्रभान हत्यारांची पिशवी घेऊन एडवणला आला. दमयंती लाजेने दाराआडून बाहेर येईना. तो पडवीत मशीन उघडून बसला आणि म्हणाला, "वयनी, तुमी तिथूनच गा. मी स्क्रू फिरवतो. तुमाला जिथं जुळंल तिथं सांगा."

दाराआडून दबका सूर आला. मशीनमधली बाई हळूहळू खाली उतरू लागली. "अजून," दमयंती म्हणाली. "अजून जरा." मग, "नाय, लय झालं." चंद्रभानने केसभर मागे घेतला. आणि दोन आवाज एकमेकांत बसले. आता दमयंती दबकून गात नव्हती. चंद्रभानचं काम संपलं होतं, पण त्याने पेचकस खाली ठेवून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्याकडून नखाला लावायचा रंग मागून घेतला आणि स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर थेंब टाकून तो कायमचा पक्का केला.

पुढच्या सुट्टीला रामनाथने दुकानात त्याच बाईची तबकडी काढली. "आता निवाडा द्या. ही बाई एक नंबर की नाही?"

"दोन नंबर," चंद्रभान म्हणाला. "एक नंबरवाली एडवणला ऱ्हाते."

रामनाथ हसायला गेला, पण चंद्रभानचा चेहरा बघून थांबला. "मग आम्हाला कधी ऐकवणार?" त्याने कृष्णकांतला विचारलं.

कृष्णकांतने घरी येऊन भीतभीतच विषय काढला. दमयंतीने हातातली जुडी बांधून संपवली.

"येऊ देत," ती म्हणाली. "पण सांगून ठेवा त्यांना, मी नुसते ओठ नाय हलवायची."